गच्चीचं डांबर गाडीत लावणार नाही

गाडी घेऊन दुकानात येणारा माणूस उतरता उतरताच विचारतो, "ताई, आवाज कमी करायला डँपिंग करायचंय. स्वस्तातली शीट कोणती?" मी लगेच उत्तर देत नाही. किल्ली मागते, त्याला शेजारी बसवते आणि गाडी स्वतः चालवते. भोसरीत खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही, एक चक्कर पुरते. आवाज कुठून येतोय हे कळल्याशिवाय शीट विकणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

मोशीचे एक गृहस्थ जुनी गाडी नवीनच विकत घेऊन आले होते. मागून काहीतरी गडगडतं, म्हणाले, पूर्ण गाडी करून टाका. मी एक वळण घेतलं, गडगडलं. दुसरं घेतलं, पुन्हा गडगडलं. दुकानात येऊन स्टेपनीचं झाकण उचललं, तर खाली नारळ. आधीच्या मालकाने पूजेनंतर ठेवलेला, वाळून खुळखुळा झालेला. गृहस्थांनी आधी नारळाला नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे शीट नको?" ते जरा हिरमुसलेच होते. खर्च करायचा असं मनाशी ठरवून आलेल्या माणसाला तो वाचला की आनंद होतोच असं नाही.

मी चाकणला गाड्यांचा आवाज रोखणारं फेल्टचं जाड कापड आणि शीट बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. आमची लॅब होती, आवाज आणि थरथर तपासणारी. तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. मग कंपनीने लॅब दुसऱ्या राज्यात हलवली. येणार असाल तर या, नाहीतर राम राम. मी राम राम म्हटलं. घरी अण्णा होते, माझे वडील. त्यांना सोडून कुठे जाणार? भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला आणि बोर्ड लावला. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "मालक कुठायत?" मी म्हणायचे, "मीच. बोला."

अण्णा मूळचे उदगीरकडचे. मशीनवर पत्रा ठोकणाऱ्या भोसरीतल्या प्रेस शॉपमध्ये जन्म काढला आणि निवृत्त होईपर्यंत दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे झाले. घरी बसून कंटाळायचे म्हणून दुकानात खुर्ची टाकून बसू लागले. एकदा मी दरवाजाच्या पत्र्यावर काम करत होते तेव्हा त्यांनी सहज त्यावर तळहात ठेवला. मी आतून बुक्की मारली. "अजून नाचायलंय की गं," ते म्हणाले. तेव्हापासून ते आमचं शेवटचं इन्स्पेक्शन. त्यांच्या हाताला जे लागतं ते माझ्या कानाला कधीकधी निसटतं.

या धंद्यात समजून घ्यायचं ते फार नाही. गाडीचा पत्रा म्हणजे हलगी. हलगीच्या मध्यावर बोट ठेवलं की आवाज मरतो, सगळं कातडं झाकावं लागत नाही. पत्र्याचंही तसंच. दरवाजा, छत, मागच्या चाकांवरची कमान, यांच्या मधोमध योग्य शीट चिकटवली, रोलरने नीट दाबली, की बहुतेक काम झालं. स्वस्तात करायचं म्हणजे कमी जागेत करायचं, कमी दर्जाचं नव्हे. त्याआधी दरवाजांची रबरं बघायची, टायरची हवा बघायची. आणि दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत, नाहीतर गाडी शांत होते आणि आतून सडते.

शीट कोणती? ब्यूटिल रबराची. काळी, चिकट, वर ॲल्युमिनियमचा वर्ख. आता गंमत अशी की गच्चीची गळती थांबवायला जी डांबरी पट्टी मिळते तीही काळी, चिकट आणि वर वर्ख असलेलीच दिसते. कितीतरी स्वस्त. ती कापून डँपिंग म्हणून लावणारी दुकानं काही कमी नाहीत. गाड्यांच्या कंपन्याही डांबराची शीट वापरतात, हे मला चांगलं माहीत आहे, मी ती तपासलेली आहे. पण ती वेगळी असते, भट्टीत भाजून पायाखालच्या पत्र्याला बसवलेली. गच्चीची पट्टी गाडीच्या छताला उलटी लटकवायची आणि गाडी चैत्र-वैशाखात उन्हात उभी करायची, हे तिला झेपणारं नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक ॲम्ब्युलन्स.

होळी नुकतीच झाली होती. एका सकाळी दुकानासमोर ॲम्ब्युलन्स येऊन थांबली आणि मी बाहेर धावले. पण आत पेशंट नव्हता. पुढून ड्रायव्हर उतरले, बाळूभाऊ, चाकणच्या पलीकडच्या गावचे. मागून उतरल्या मेघा सिस्टर, पिंपरीत वाढलेल्या, कामगाराच्या घरातल्या. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर ज्या ॲम्ब्युलन्स उभ्या असतात, त्यातल्या बऱ्याच एका ठेकेदाराच्या होत्या. सगळे त्याला रज्जूशेठ म्हणत. ही गाडी त्याचीच.

"ताई, गाडी लई वाजती," बाळूभाऊ म्हणाले. "मागं सिस्टर काय बोलती ते मला फुडं न्हाई ऐकू येत. आन् पेशंट काय बोलतो ते सिस्टरला न्हाई."

"गाणी ऐकायला नकोय शांतता," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं.

एका कंपनीतला कंत्राटी कामगार छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांच्या गाडीत होता. पिंपरीकडे निघाले होते. वाटेत त्याने सिस्टरचा हात धरला आणि काहीतरी सांगू लागला. ओठ हलत होते. "मी कान त्याच्या तोंडाला लावला, ताई. सिलिंडर खडखडत होता, मागचा दरवाजा आपटत होता. मला फक्त त्याचा श्वास लागला कानाला." हॉस्पिटल यायच्या आधीच तो गेला. त्याची बायको थेट हॉस्पिटलात आली. ती रडली नाही. तिने सिस्टरला एवढंच विचारलं, "शेवटी काय म्हणाले ओ?"

"काय सांगणार मी? गाडी वाजत होती, असं सांगू?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. आत स्ट्रेचरवर आडवी झाले. तुम्ही कधी चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये आडवे झाला नसाल, होऊही नका. छत डोक्यावर घुमतं. प्रत्येक खड्ड्याला सिलिंडर पट्ट्यात उडतो. मागचा दरवाजा चौकटीवर दात खातो. सिस्टरनी माझ्या दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकायचं साधन कानात, पेशंट समोर, आणि मध्ये सगळा पत्रा.

रज्जूशेठने एका गाडीची परवानगी दिली होती, तीही हात आखडून. त्यामुळे मी उधळपट्टी केली नाही. मागच्या दरवाजाची रबरं बदलली. सिलिंडरच्या पकडीत जाड रबर बसवलं. छताचे आणि बाजूचे पॅनल उतरवून पत्र्यांच्या फक्त मध्यावर ब्यूटिल लावलं, चाकांच्या कमानीवर मात्र भरपूर. फेल्ट स्वस्त असतं, पण ते सगळं शोषून घेतं, आणि ॲम्ब्युलन्समध्ये रक्त सांडतं, फरशीसारखी धुवावी लागते ती. म्हणून पाणी न पिणारा, आग पटकन न धरणारा फोम घातला. अण्णांनी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. एका ठिकाणी थांबले. "इथं." तिथे आणखी एक तुकडा लावला.

पुन्हा स्ट्रेचरवर मीच. बाळूभाऊंनी नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत गाडी घातली. सिस्टरनी स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ऐकू येतंय." गाडी काही देवघर झाली नव्हती. पण माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत होता, एवढंच हवं होतं.

रज्जूशेठ खूश झाला. स्वतः दुकानात आला, अण्णांच्या पाया पडला, चहा प्यायला. "ताई, आता बाकीच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडेच," म्हणाला. माझ्यासारख्या छोट्या दुकानाला हे म्हणजे दिवाळीच. दुसऱ्या दिवशी त्याचा टेंपो आला आणि गड्यांनी गुंडाळ्या उतरवायला सुरुवात केली. मी एक उलगडली. वास आला आणि मला बघायची गरजच उरली नाही.

"शेठ, ही गच्चीची पट्टी आहे."

"दिसायला सेम आहे, ताई. मी शेजारी शेजारी धरून बघितली. वरनं पॅनल लागणार, कोण बघायला येतंय?"

"वैशाखात छतावरून घसरेल. वास येईल. आणि आत ऑक्सिजन आहे."

"तुमचं लॅबवाल्यांचं डोकं असंच. घसरेल, जळेल. अहो, घरांवर लावतात ना?"

मी त्याच्या गुंडाळीचा एक तुकडा कापला आणि माझ्या शीटचा एक. दोन्ही दुकानाबाहेर विटेवर ठेवून लायटर लावला. माझ्या तुकड्याने जरा वेळाने कड धरली, लायटर काढल्यावर विझला. त्याचा तुकडा पेटला तो पेटतच राहिला, काळा धूर सोडत, आणि जळते थेंब विटेवरून खाली टपकायला लागले. गल्लीतले लोक जमले. शेजारच्या टायरवाल्या इक्बालभाईंनी पाण्याची बादली आणली.

शेठने ते सगळं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ॲम्ब्युलन्समध्ये लायटर कोण लावतंय, ताई?"

"मी लावणार नाही हे."

"लॅब बंद पडली तुमची. आता दुकान तरी चालवा. आणि हा गाळा कुणाचा आहे ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. गाळामालक त्याचा मेहुणा.

तो गेल्यावर इक्बालभाई बादली घेऊन तसेच उभे होते. भला माणूस. म्हणाले, "ताई, गाडी त्यांची, शीट त्यांची. आपण फक्त चिकटवायचं. बाकी त्यांचं ते बघतील."

"चिकटवणारा हात माझा आहे ना, इक्बालभाई."

खोटं कशाला बोलू, रात्री घरी मी डळमळले होते. अण्णांच्या कानाशी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी साहेब म्हणंल तशी प्रेस मारली," म्हणाले. "कानात घालायला कापूस मागितला तर हसले. मीबी हसलो त्यांच्यासंगं. तू हसू नकोस." आणि पुन्हा जेवायला लागले. मी सकाळी गुंडाळ्या रिक्षा टेंपोत भरून परत पाठवल्या.

बाकीच्या गाड्या दुसऱ्या दुकानात झाल्या. डांबरानेच. मी गप्प बसले नाही, विचारेल त्याला खरं सांगितलं, पण विचारणारे थोडेच होते. सिस्टरना मात्र मी आपणहून सांगितलं, कारण त्यांना त्याच गाड्यांत बसायचं होतं.

ऊन वाढलं तसं व्हायचं ते झालं. गेटवर दिवसभर तापलेल्या गाडीचं दार उघडलं की रस्त्याचं काम चालू असल्यासारखा भपका यायचा. आधीच मळमळणारे पेशंट आत गेल्या गेल्या ओकायचे. एका गाडीत छताची पट्टी सुटून पॅनलवर साचली आणि पॅनलला पोट आलं. त्यातून काळा ओघळ खाली पेशंटच्या चादरीवर.

मेघा सिस्टर त्या दिवशी त्या गाडीवर होत्या. पेशंट हॉस्पिटलात पोचवून त्या कंपनीच्या गेटवर परत आल्या आणि सरळ सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, जरा चला," म्हणाल्या. काय, कशाला, काही सांगितलं नाही. साहेबांना उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसवलं आणि बाहेरून दार लावलं. बाळूभाऊ सांगतात, साहेब बाहेर आले ते रुमाल नाकाला लावूनच. संध्याकाळच्या आत त्यांनी रज्जूशेठच्या सगळ्या गाड्या गेटवरून हलवल्या.

सिस्टरना शेठने त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. आणि मला गाळामालकाचा निरोप आला, खाली करा. मी भांडले. करार दाखवला. पण भांडायला वकील लागतो, आणि दुकान बंद ठेवून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणं मला परवडणारं नव्हतं. आम्ही चिखलीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. इक्बालभाईंनी सामान हलवायला टेंपो दिला. शेड तापायचं. अण्णा खुर्ची बाहेर सावलीत टाकून बसायचे. जुनी गिऱ्हाइकं निम्मी तुटली.

त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते सिस्टरचं. मी पिंपरीत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं दुकान तर चालूच आहे. माझी पोरगी घरी बसलीय." मी खाली बघत पाणी प्यायले. नाही म्हणायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे मी तिथे शिकले. आजही कुणी मला शाबासकी द्यायला लागलं की मला त्या माऊलीचा चेहरा दिसतो. सिस्टर मात्र दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हसत होत्या. "आई बोलते हो. पण तुम्ही साहेबांचा चेहरा बघायला हवा होता." पुढे त्यांना एका हॉस्पिटलात नोकरी लागली, आधीच्यापेक्षा बरी.

पावसाळा तोंडावर आला आणि शेडसमोर रज्जूशेठची गाडी थांबली. तो उतरला, इकडे तिकडे पाहिलं. मागे डांबर लावलेली एक ॲम्ब्युलन्स घेऊन बाळूभाऊ. सेफ्टी ऑफिसरने त्याला सांगितलं होतं, गाड्या गेटवर हव्या असतील तर पहिली गाडी जिने केली तिच्याकडून करून आणा.

"झालं गेलं सोडा, ताई," तो म्हणाला. "त्या दुकानवाल्याने हात वर केले. डांबर खरवडून काढायला कुणी तयार नाही."

"मी काढते. पण माझी एक अट. तुम्ही आत स्ट्रेचरवर झोपायचं आणि बाळूभाऊ एक चक्कर मारतील."

"मी? वेड लागलंय का तुम्हाला?"

"मी दोनदा झोपले आहे. तुमची गाडी आहे, तुम्ही एकदाही नाही."

तो बाळूभाऊंकडे बघत राहिला. बाळूभाऊ आभाळाकडे बघत राहिले. शेवटी तो चढून आडवा झाला आणि मी पट्टा बांधला. मी त्याच्या शेजारी, सिस्टरच्या जागेवर बसले. गाडी दिवसभर उन्हात होती. देहू-आळंदी रस्त्याला लागेपर्यंत त्याला घाम फुटला होता. मग छत घुमायला लागलं, कारण ते डांबर मध्यावरून कधीच ओघळून गेलं होतं. तो उठून बसायला लागला, पट्ट्याने धरलं. "बाळू, थांबव!" तो ओरडला. पुढे काहीच पोचलं नाही. "बाळूऽ!" माझ्याकडे वळून म्हणाला, "सांगा ना त्याला!" मी मुद्दाम साध्या, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाळूभाऊ, थांबा." गाडी चालतच राहिली. शेवटी त्याने ड्रायव्हरमागच्या फळीवर मुठी आपटल्या, तेव्हा बाळूभाऊंनी गाडी परत वळवली.

शेडवर येऊन उतरल्यावर तो बोनेटला टेकून उभा राहिला. अण्णांनी त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "काढा ते सगळं."

ते काम कुणावर येऊ नये. तापलेलं डांबर खरवडणीला धाग्यासारखं लोंबतं आणि गार झालेलं पत्रा सोडत नाही. रॉकेल, चिंध्या, पुन्हा रॉकेल. आम्ही एकेक गाडी साफ केली, एकेक गाडी पहिल्यासारखी केली. अण्णांनी प्रत्येक भिंतीला हात लावला. मी शेठला सांगितलं होतं, सिस्टरना परत बोलवा. त्याने फोन केला, हे खरं. सिस्टरनी नाही म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना किती बरं वाटलं हे मला कळवायला त्या मिठाई घेऊन शेडवर आल्या.

काम संपत आलं तेव्हा शेठ पुन्हा आला. झालेल्या गाडीचं दार उघडून त्याने आत डोकं घातलं, वास घेतला, पत्र्यावर बोटाने वाजवून पाहिलं. मग जरा घुटमळला. "ताई, इथं पत्र्यात कशाला राहताय? तो गाळा रिकामाच आहे. मी शब्द टाकतो मेहुण्याकडे. उद्या किल्ली मिळेल."

"नको, शेठ."

"का? राग अजून आहे?"

"राग नाही. तुमच्या शब्दावर जो गाळा मिळतो तो तुमच्या शब्दावर जातोही. हे शेड तापतं, पण इथे मी नाही म्हटलेलं चालतं."

"म्हणजे आडमुठ्याच राहणार तुम्ही."

"हो," मी म्हटलं. "आता ही गाडी पुढे घ्यायला सांगा, मागची आत घ्यायचीय."